पटावरची सगळी मुलं

दहावीला तीस-चाळीस वर्षं उलटली की महाराष्ट्रात हल्ली एक ठरलेला क्रम सुरू होतो. वर्गातला कोणीतरी उत्साही माणूस पुढाकार घेतो, याच्या भावाकडून त्याच्या मेव्हण्याकडून मोबाइल नंबर गोळा करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो. ग्रुपला शाळेचं नाव आणि दहावीचं साल मिळतं. मग दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुटीत मेळावा ठरतो. त्या दिवशी शाळेची घंटा वाजते, प्रार्थना होते, ऐंशीच्या घरातले एखादे सर हजेरी घेतात, त्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं. त्यानंतर येतो कार्यक्रमाचा गाभा, म्हणजे परिचय. एकेकानं उठायचं, सध्या कुठे असतो, काय करतो, मुलं काय करतात ते सांगायचं आणि बसायचं. चाळीस वर्षांचा हिशेब दोन मिनिटांत.

हे दोन-दोन मिनिटांचे परिचय मला फार मोलाचे वाटतात. एकाच वर्षी, एकाच गावात, एकाच फळ्यासमोर बसलेली पन्नास-साठ माणसं पुढे कुठे गेली, हे सामान्य माणसाला दुसरीकडे कुठेच एकगठ्ठा ऐकायला मिळत नाही. नातेवाईक आपल्याच जातीचे आणि बहुधा आपल्याच ऐपतीचे असतात. कचेरीतले सहकारी आपल्याइतकंच शिकलेले, सोसायटीतले शेजारी आपल्याइतकंच कमावणारे. शाळेचा वर्ग तेवढा अशा वयात भरलेला असतो, जेव्हा ही वाटणी पुरती झालेली नसते. त्या वर्गाची चाळीस वर्षांनंतरची हकिगत म्हणजे आपल्या समाजानं कोणाला काय दिलं आणि कोणाला काय नाकारलं, याचा एक छोटा पण अस्सल पुरावा असतो. माझी तक्रार अशी की हा पुरावा आपल्या समोर बोलत असतो आणि आपण तो दहावीच्या निकालासारखा ऐकतो.

निकालासारखा म्हणजे कसा, ते पाहा. परिचय चालू असताना मनातल्या मनात प्रत्येकजण जुना क्रमांक आणि नवा हुद्दा यांची जुळणी करत असतो. पहिला येणारा अमेरिकेत गेला, म्हणजे बरोबरच, तो हुशारच होता. शेवटच्या बाकावरच्यानं ठेकेदारीत बंगला बांधला, म्हणजे कमाल, मार्क काही सर्वस्व नसतात. दुसरा येणारा कुठल्याशा पतसंस्थेत कारकून राहिला, म्हणजे अरेरे, त्यानं जिद्द दाखवली नाही. या तिन्ही शेऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे. माणूस जिथे पोचला त्याचं कारण तो माणूसच. बुद्धी नाहीतर कष्ट, आळस नाहीतर जिद्द. या चौकटीबाहेरचं कारण त्या सभागृहात कोणाला सुचत नाही. आणि हे सगळं ऐकणारी माणसं अशी असतात, की ज्यांना ती बाहेरची कारणं स्वतः जगून माहीत आहेत.

तालुक्याच्या गावातली एकच शाळा घ्या आणि तिच्या वेगवेगळ्या सालांच्या मुलांचे परिचय शेजारी-शेजारी ठेवा. सत्तरच्या सुमाराला अकरावी मॅट्रिक झालेल्यांत बँकवाले, एलआयसीवाले, जिल्हा परिषदेतले मास्तर यांची गर्दी दिसेल. १९६९च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा आठ हजारांच्या आसपास होत्या; १९९०पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. प्रत्येक शाखेला कॅशियर, क्लार्क, ऑफिसर लागत होते आणि ते त्या दोन दशकांत शाळा-कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांतूनच येणार होते. त्याच शाळेची १९८२ची दहावी घ्या. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. १९८४ला बारावी झालेल्या या मुलांपैकी ज्यांच्या वडिलांना फी आणि वर काही झेपलं, ती इंजिनिअर झाली आणि १९९१चं उदारीकरण आलं तेव्हा पंचविशीत होती. आणखी दहा वर्षं पुढे या. १९९२ची दहावी, १९९८ची बी.ई.; म्हणजे सगळ्या जगाच्या संगणकांत दोन हजार सालाची दुरुस्ती करायला माणसं हवी होती नेमकं तेव्हा हातात पदवी. या वर्गाचे परिचय न्यू जर्सी, डॅलस आणि हिंजवडीतून येतात.

या तीन वर्गांतल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलांत बुद्धीचा फरक होता का? शिकवणारे मास्तरही बहुधा तेच होते. पहिल्या वर्गातला हुशार मुलगा बँकेत गेला आणि २०००-०१च्या सुमाराला सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा लाखभर सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडला. तिसऱ्या वर्गातला तितकाच हुशार मुलगा त्याच काळात विमानात बसला. ज्या साली आपण सोळा वर्षांचे झालो त्या साली कुठलं दार उघडं होतं, हे आपण ठरवलेलं नव्हतं. उघड्या दारातून आत शिरण्याचं श्रेय ज्याचं त्याला जरूर द्यावं. दार उघडल्याचं श्रेय मात्र कोणी स्वतःकडे घेऊ नये.

दार बंद होण्याचंही तसंच. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. दहावीची परीक्षा नेहमीप्रमाणे मार्चमध्ये झाली. लालबाग-परळच्या शाळांतून त्या वर्षी परीक्षेला बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरात तेव्हा बिनपगारी दुसरा-तिसरा महिना चालू होता. प्रश्नपत्रिका तीच, बोर्ड तेच, पेपर तपासणारे तेच. तो संप रीतसर कधी संपलाच नाही. कोणी कोकणात नाहीतर घाटावर गावी परत गेलं, कोणाच्या आईनं खाणावळ वाढवली, कोणी दहावीनंतर लगेच दुकानात नाहीतर कुरिअरच्या कामावर लागलं. आज त्या शाळांचे मेळावे होतात तेव्हा त्या वर्षीच्या मुलांनी आपल्या परिचयात १९८२ हे साल नुसतं ग्रुपच्या नावात ठेवू नये. त्या सालानं आपल्याशी काय केलं, तेही सांगावं. ‘तेव्हा माझे मार्क कमी पडले’ असं एखादा चाळीस वर्षांनी ओशाळून म्हणतो, तेव्हा तो गिरणीमालक, सरकार आणि युनियन या सगळ्यांच्या वाट्याची जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर घेत असतो.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. त्याच चाळीतला, त्याच संपातल्या बापाचा एक मुलगा रात्रशाळेत शिकून अधिकारी झाला. शेजारचा झाला नाही. मग फरक कष्टाचाच ना? फरक कष्टाचा असतो, हे मी नाकारत नाही. एकाच दारासमोर दोघे उभे असतील तर आत कोण जाईल हे बऱ्याचदा जिद्दीवर ठरतं. पण जिद्द तरी कुठून येते? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली हायस्कूल पूर्ण केलेल्या मुलामुलींपैकी साधारण एक तृतीयांश, म्हणजे १०,३१७ जणांचा माग तिथल्या विद्यापीठानं पुढे अर्धशतकाहून जास्त काळ ठेवला. विल्यम सीवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून दोन गोष्टी दाखवल्या. सारख्याच बौद्धिक कुवतीच्या मुलांतही सधन घरातली मुलं कॉलेजात जाण्याची शक्यता गरीब घरातल्यांपेक्षा पुष्कळ जास्त होती आणि मुली मुलांच्या मागे होत्या. दुसरं असं, की मुलाची स्वतःविषयीची अपेक्षा आईवडील, शिक्षक आणि मित्र त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवतात यावर बरीच घडत होती. ‘तू पुढे शिक, तुला जमेल’ असं ज्याला सोळाव्या वर्षी कोणीतरी म्हणालं आणि ज्याला कोणीच म्हणालं नाही, त्या दोघांच्या जिद्दीची तुलना करताना हे वाक्य हिशेबात धरावं लागतं. रात्रशाळेत गेलेल्या त्या मुलाला विचारा. बहुतेक वेळा तो एखाद्या बाईंचं, एखाद्या चुलत्याचं, एखाद्या वसतिगृहाच्या रेक्टरचं नाव सांगेल.

आमच्याकडे हा हिशेब आणखी एका ठिकाणी चुकतो आणि तो चुकतो हे उघड बोलायला हवं. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकून, राखीव जागेवर नोकरीला लागलेला वर्गमित्र परिचय देतो तेव्हा पाठीमागच्या रांगेत कोणीतरी कोणाच्या तरी कानाला लागतं. त्याच्यासाठी उघडलेलं दार सगळ्यांना दिसतं, कारण ते सरकारी आदेशानं उघडलेलं असतं आणि त्यावर पाटी असते. कानाला लागणाऱ्याचं दार दिसत नाही. पुण्यात काकांचं घर होतं म्हणून बारावीनंतर राहण्याचा प्रश्न आला नाही, वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून कॅपिटेशन फी भरली गेली, आईला इंग्रजी येत होतं म्हणून घरीच शिकवणी झाली, मामाच्या ओळखीनं पहिली अप्रेंटिसशिप मिळाली. यातल्या कशालाच आपण सवलत म्हणत नाही. चाळीस वर्षांनंतर तरी प्रत्येकानं आपापलं दार मोजायला हरकत नसावी. आता कोणाची नोकरी जायची नाही, कोणाचा प्रवेश रद्द व्हायचा नाही. प्रामाणिकपणाची किंमत या वयात सर्वांत कमी असते.

मुलींच्या बाबतीत तर परिचयापर्यंत पोचण्याआधीच गाडी अडते, कारण त्या सापडत नाहीत. हजेरीपटावरचं आडनाव लग्नानंतर बदललं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदललं. गावातला भाऊ भेटला तर नंबर मिळतो, तोही विचारून सांगतो म्हणतो. काहींच्या घरी मुलांच्या ग्रुपमध्ये असणं चालत नाही, म्हणून मुलींचा वेगळा ग्रुप निघतो. मेळाव्याला येतात त्यांतल्या बऱ्याचजणी सुरुवातच अशी करतात, ‘मी काही करत नाही, मुलगा टोरांटोला असतो.’ ज्या काही करतात त्याही हळू आवाजात सांगतात. पोळीभाजी केंद्र चालवणारी म्हणते, ‘घरगुतीच आहे.’ तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली म्हणते, ‘अंगणवाडीत जाते.’

अंगणवाडीचं तर विशेष आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५मध्ये सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात दहावी झालेल्या खेड्यापाड्यातल्या हजारो मुलींना गावातच मिळालेलं ते जवळपास एकमेव काम होतं. गावातली वजनं, लसी, गरोदर बायांच्या याद्या, खिचडी, निवडणुकीची कामं, सगळं त्यांच्यावर. तरी सरकार त्यांना नियमित कर्मचारी मानत नाही, मानधनावर ठेवतं. त्यांना ग्रॅच्युइटी द्यावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाला गुजरातच्या प्रकरणात २०२२च्या एप्रिलमध्ये सांगावं लागलं. तेव्हा ‘अंगणवाडीत जाते’ असं ती खाली बघून म्हणते, त्याचं कारण निव्वळ लाजरा स्वभाव नाही. तिच्या कामाला हुद्दा द्यायचा नाही, असं राज्यानंच ठरवून ठेवलेलं आहे. आणि आपल्या परिचयाची सगळी रीतच हुद्द्यावर उभी आहे. ज्याला हुद्दा नाही त्याला चाळीस वर्षांत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, असं ती रीत धरून चालते.

परिचय वाचण्यातली सगळ्यात मोठी खोट मात्र परिचय देणाऱ्यांत नाही, न आलेल्यांत आहे. ‘दहावी १९८२’ हे ग्रुपचं नावच मुळात निवडलेल्यांचं नाव आहे. चौथीनंतर गुरं राखायला गेला तो त्यात नाही. सातवीत लग्न ठरलं ती नाही. दहावीला तीनदा ऑक्टोबरची वारी केलेला किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसलेला कधी कधी असतो, पण त्याला ग्रुपमध्ये घेताना ‘तो आपल्या बॅचचा धरायचा का?’ अशी चर्चा होते. जो आहे तोही मेळाव्याला येईलच असं नाही. वर्गणी दोन हजार आहे, कपड्यांचा रंग ठरलेला आहे, रिसॉर्ट तालुक्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. गावातच रिक्षा चालवणारा, बाजार समितीत हमाली करणारा, दारूतून नुकता सावरलेला, असे लोक ‘त्या दिवशी जरा काम आहे’ म्हणून टाळतात. मग आलेल्यांच्या हकिगती ऐकून आपण म्हणतो, आपल्या बॅचनं चांगलं नाव काढलं. नाव काढलेलेच जमले असतील तर वेगळं काय ऐकू येणार?

असल्या निवडीनं काय होतं, ते एका गाजलेल्या उदाहरणातून कळतं. ब्रिटनमधल्या ग्रॅनडा टेलिव्हिजननं १९६४ साली सात वर्षांच्या १४ मुलांवर एक माहितीपट केला. मुलाचं वर्गीय भवितव्य सातव्या वर्षीच ठरलेलं असतं, हे त्यांना दाखवायचं होतं. मायकेल ॲप्टेड यांनी पुढे दर सात वर्षांनी त्याच मुलांना गाठून त्यांच्या हकिगती चित्रित केल्या. त्यांनी केलेला शेवटचा भाग ती मुलं त्रेसष्ट वर्षांची झाली तेव्हा, २०१९मध्ये आला. २०२१मध्ये ॲप्टेड वारले. खाजगी शाळांतली मुलं बहुतेक अपेक्षेप्रमाणे मोठ्या विद्यापीठांत आणि वकिलीत गेली, म्हणजे मूळचं गृहीतक बरंचसं टिकलं. पण लिव्हरपूलच्या उपनगरातला नील नावाचा चुणचुणीत मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी बेघर होऊन स्कॉटलंडमध्ये भटकत होता आणि पुढे तोच स्थानिक राजकारणात निवडून आला. असं काही कुठल्याच गृहीतकात बसत नाही. म्हणून दारांचा हिशेब मांडताना माणसाला बाहुलं समजण्याचीही चूक करू नये. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या चौदा मुलांत मुली चारच होत्या. त्या अर्धशतकात ब्रिटिश समाजात सगळ्यात मोठा बदल झाला तो बायकांच्या आयुष्यात, आणि तो टिपायला पटावर बायकाच पुरेशा नव्हत्या. ही उणीव ॲप्टेड यांनी स्वतः पुढे मान्य केली. पट भरताना जे सुटलं ते पन्नास वर्षं कॅमेरा चालवूनही सापडत नाही.

मेळाव्यांना समाजशास्त्राचं ओझं कशाला, असंही कोणी म्हणेल. लोक चार घटका हसायला येतात, एकमेकांना टोपणनावांनी हाक मारतात, गुडघेदुखी विसरून लगोरी खेळतात. इथे सगळे सारखे, हुद्दे बाहेर ठेवून यायचं, असं सूत्रसंचालक सांगतो. त्या आनंदाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘इथे सगळे सारखे’ या वाक्याशी, कारण ते तेव्हाही खरं नव्हतं. आठवीला मार्कांवरून तुकड्या पडत. अ तुकडीला चांगले सर, संस्कृतचे जादा मार्क, स्नेहसंमेलनातल्या मोठ्या भूमिका. ड तुकडीला बदली सर आणि शाळेच्या मैदानाची साफसफाई. कुठल्या तुकडीत कुठल्या आळीतली मुलं जास्त होती, हे ज्याला आठवायचं त्याला आठवेल. ग्रुपवर आज भराभर लिहिणारे आणि नुसते हात जोडल्याचं चित्र टाकणारे यांची यादी करून पाहा. बऱ्याच ठिकाणी ती जुन्या तुकड्यांशी जुळेल.

तरीसुद्धा ती शाळा मिश्र होती आणि हे मिश्र असणं फुकट मिळालेलं नव्हतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह सुरू केलं, तेव्हा त्यासाठी लोकांचा रोष पत्करावा लागत होता. पुढे अनुदानित शाळा गावोगावी पोचल्या, आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी ईबीसीची सवलत आली, ऐंशीच्या दशकात मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. या सगळ्या खटाटोपातून तालुक्याच्या डॉक्टरांचा मुलगा, एसटी कंडक्टरची मुलगी आणि शेतमजुराचा मुलगा एका वर्गात आले. आजच्या मेळाव्यात इतक्या निरनिराळ्या हकिगती ऐकू येतात त्या यामुळे.

एका छपराखाली येण्यानं काय होतं आणि काय होत नाही, याचा मोठा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी २० लाख लोकांच्या फेसबुकवरच्या २१ अब्ज मैत्रींवरून त्यांनी हिशेब मांडला. गरीब घरातल्या मुलांची सधन घरातल्यांशी मैत्री जिथे जास्त, तिथे ती मुलं मोठेपणी वर चढण्याची शक्यता जास्त होती. बाकीच्या बहुतेक कारणांपेक्षा हा संबंध घट्ट निघाला. मैत्री का होत नाही, याचं त्यांचं उत्तरही बघण्यासारखं आहे. साधारण निम्मं कारण हे, की दोन्हीकडची मुलं एका जागी येतच नाहीत. उरलेलं निम्मं हे, की एका जागी येऊनही आपापल्यांतच राहतात. आपल्या शाळांनी पहिलं निम्मं काम बरंचसं केलं होतं. दुसऱ्या निम्म्याच्या आड तुकड्या आल्या. मेळाव्यात हे उरलेलं काम थोडंफार तरी पूर्ण करता येतं, अट एवढीच की अ तुकडीनं ड तुकडीला शोधत जायला हवं.

आणि नेमकी इथेच आपली पिढी सगळ्यात मोठी गफलत करते आहे. मेळाव्याच्या शेवटी शाळेला देणगी जाहीर होते. थंड पाण्याचा कूलर, डिजिटल फळा, स्वच्छतागृह, प्रवेशद्वारावर बॅचच्या नावाची कमान. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांची मुलं त्या शाळेत, किंवा तशा शाळेत शिकली? जवळपास कोणाचीच नाही. आपण आपली मुलं इंग्रजी माध्यमाच्या, फी भरून प्रवेश घ्यायच्या शाळांत घातली. त्यामागची कारणं खोटी नव्हती. इंग्रजीची भीती आपण स्वतः सोसली होती. पण परिणाम असा झाला, की फीच्या आकड्यानं वर्गाची निवड पहिल्या दिवशीच उरकून टाकली. इंजिनिअरची मुलं इंजिनिअरच्या मुलांबरोबर वाढली आणि गावातली अनुदानित शाळा उरली ती ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांच्यासाठी. त्या शाळेला आपण कूलर देतो. ज्या मिश्रपणाचा फायदा आपण घेतला, तो मात्र पुढच्या पिढीला द्यायचं राहून गेलं.

तो मिश्रपणा परत आणण्याचा एक अपुरा पण खरा मार्ग कायद्यात आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द ठरवला. त्या पाच महिन्यांत माजी विद्यार्थ्यांच्या किती ग्रुपांवर याची चर्चा झाली? शाळेच्या आठवणीनं डोळे भरून येणाऱ्या लोकांनी खरं तर या विषयावर सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं. उलट अनेक पालक-सभांमध्ये ‘ती मुलं आपल्या मुलांत कशी मिसळणार?’ हा प्रश्न विचारणारे आपणच होतो. आपण कशी मिसळलो होतो, हे विसरून.

म्हणून मेळाव्यांच्या आयोजकांपुढे काही गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. ग्रुप जमवताना दहावीची यादी घेऊ नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पहिलीच्या किंवा पाचवीच्या प्रवेशाचं पान असतं, मुख्याध्यापकांच्या परवानगीनं तिथून सुरुवात करा. मध्येच गळालेल्यांचा शोध हाच मेळाव्याचा पहिला कार्यक्रम समजा. वर्गणी अशी ठेवा की गावात राहिलेल्याला ती विचारात घ्यावीच लागणार नाही आणि जागा शाळेचीच घ्या. परिचयात हुद्दा जरूर सांगा, पण जोडीला एक प्रश्न ठेवा: इथपर्यंत येताना कोणामुळे, कशामुळे दार उघडलं आणि कुठे बंद झालं? हा प्रश्न अमेरिकेतल्यालाही विचारा आणि अंगणवाडीतलीलाही. पहिल्याची फुशारकी थोडी उतरेल, दुसरीचा संकोच थोडा कमी होईल आणि ऐकणाऱ्यांना आपल्या काळाचा इतिहास कळेल, जो कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

देणगीचंही तसंच. कूलर द्या, पण त्याच्या सोबतीला वर्षातले दोन दिवस द्या. आजच्या नववीतल्या मुलाला आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पुण्यात राहण्याची सोय यांतलं काय कुठे मिळतं हे सांगणारा काका त्याच्या नात्यात नसतो. तो काका होण्याइतकी माणसं प्रत्येक बॅचमध्ये आहेत. रिक्षा चालवणाराही आहे, ज्याला तालुक्यातलं कुठलं कॉलेज नुसतं पाट्यांवर चालतं हे परदेशात असलेल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि पंचवीस टक्के जागांवर पुन्हा गदा आली तर शाळेच्या नावानं, सालासकट, एक निवेदन सरकारला धाडा. आपल्या मुलांच्या शाळेत त्या जागांवर आलेल्या मुलांना वाढदिवसाला बोलवायचं की नाही, हा निर्णय तर निवेदनाचीही वाट पाहत नाही.

हे केलं नाही तर काय होईल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. आपले मेळावे रंगतात, कारण समोरचा उठून काय सांगेल याचा अंदाज येत नाही. एकसारख्या फीच्या, एकसारख्या सोसायट्यांतल्या मुलांचा वर्ग २०६०च्या सुमाराला असा जमेल, तेव्हा प्रत्येकाची हकिगत बाकीच्यांना आधीच माहीत असेल आणि ज्यांची माहीत नाही ते त्यांच्या पटावर कधी आलेलेच नसतील.